अमेरिका की जर्मनी? आधी एक अंघोळ घालून बघ

ताई, वय एकोणतीस, बीएससी नर्सिंग. सोलापुरात एका खासगी रुग्णालयात सहा वर्षं आयसीयूला आहे. पगार सव्वीस हजार, तोही कधी दहा तारखेला, कधी वीसला. नवरा दुचाकीच्या शोरूममध्ये हिशेब बघतो, मुलगा तीन वर्षांचा. मी बाहेर जायचं यावर घरात एकमत झालंय, कुठे यावर नाही. मावसबहीण डॅलसला नर्स आहे. ती म्हणते, एनक्लेक्स, म्हणजे तिकडची नर्सच्या परवान्याची परीक्षा दे आणि अमेरिकेला ये, जर्मनीत नर्सकडून म्हाताऱ्यांची शी-शू काढून घेतात. इथला एजंट म्हणतो, चार लाख द्या, ओरिजिनल सर्टिफिकेटं माझ्याकडे ठेवा, नऊ महिन्यांत जर्मनी. सासूबाई म्हणतात, पगार जास्त तिकडे जा. ताई, मी व्हेंटिलेटर सांभाळणारी बाई. मी अंघोळी घालायला जर्मनीला जाऊ का?
— चक्रावलेली सिस्टर, सोलापूर

अगं, तुझा शेवटचा प्रश्न मी 2014 साली स्टुटगार्टजवळच्या एका रुग्णालयात, कपडे बदलायच्या खोलीत बसून स्वतःला विचारला होता. शब्दही जवळजवळ हेच. पाठीशी मिरजेतलं शिक्षण आणि मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयातली नऊ वर्षं होती. आधीच्या पाळीकडून ओव्हर घेताना कोणाचं सलाईन संपत आलंय ते मला वॉर्डाच्या दारातून कळायचं. आणि इथे पहिल्या सकाळी हातात काय दिलं, तर दोन टब आणि चार पंचे.

ब्याऐंशी वर्षांच्या आजी होत्या. एका टबातलं पाणी तोंड, हात, छातीसाठी, दुसऱ्यातलं खालच्या अंगासाठी, फडकीही वेगळी. मी आपल्या सवयीने फडकं पिळलं आणि भराभर आजींचं तोंड पुसायला लागले. देखरेखीला उभ्या असलेल्या सिस्टरने माझं मनगट धरलं. म्हणाली, त्यांना पुसू दे. आजींचा उजवा हात लकव्याने गेला होता. डाव्या हाताने तोंड पुसायला त्यांना सहा मिनिटं लागली. मी घड्याळाकडेच बघत होते. म्हटलं, अशाने बाकीचे पेशंट कधी उरकायचे? मग त्यांना कुशीवर वळवलं तेव्हा माकडहाडापाशी रुपयाएवढा लाल डाग दिसला. सिस्टरने बोटाने दाबून बघितलं. बोट उचललं तरी डाग लालच. दाबूनही पांढरा न होणारा डाग म्हणजे बेडसोअरची पहिली पायरी, हे तू आणि मी दोघी परीक्षेत लिहून आलोय. पण आपल्या वॉर्डात तो डाग दिसतो कोणाला? मावशीला. आणि राउंडच्या वेळी मावशीला कोण विचारतं?

म्हणजे तुझी मावसबहीण खोटं बोलत नाही. अंघोळ, भरवणं, कूस बदलणं, बेडपॅन, दातांची कवळी धुणं, या सगळ्याला तिकडे ग्रुंडफ्लेगे म्हणतात आणि ते नर्सचंच काम असतं. आपल्याकडे यातलं निम्मं नातेवाईक करतात, निम्मं मामा-मावशी. जर्मनीत नातेवाईक भेटीच्या वेळेला फुलं घेऊन येतात आणि जातात, उशाशी चटई टाकून कोणी झोपत नाही. शिवाय तिकडे नर्सिंग बहुतेक जणी पदवी म्हणून शिकतच नाहीत. तीन वर्षांचं शिक्षण, त्यातला मोठा भाग थेट वॉर्डात. कॉलेजची पदवी घेतलेल्या नर्सेस अजूनही थोड्या. त्यामुळे रक्त काढणं, शिरेतून इंजेक्शन देणं ही अनेक रुग्णालयांत डॉक्टरची कामं मानतात. डॉक्टरने सोपवली तर नर्स करते. दोन वर्षांत माझी सुई बोथट झाली. सुट्टीत मिरजेला आले असताना भाच्याला सलाईन लावायला गेले आणि दोनदा चुकले. शेजारी उभी असलेली शिकाऊ मुलगी हसली नाही, हे तिचे उपकार.

तू आयसीयूची आहेस, त्यामुळे तुझं थोडं वेगळं पडेल. जर्मनीत अतिदक्षता विभागात एका नर्सकडे दिवसा जास्तीत जास्त दोन आणि रात्री तीन पेशंट, अशी मर्यादाच घालून दिलेली आहे. व्हेंटिलेटर हातात राहील. पण त्या व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची अंघोळही तूच घालशील.

साध्या वॉर्डाची गोष्ट मात्र गोड करून सांगणार नाही. युरोपातले बारा देश आणि अमेरिका यांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास 2012 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. त्यात एका नर्समागे सरासरी पेशंट जर्मनीत तेरा, अमेरिकेत पाचांहून थोडे जास्त, नॉर्वेतही तेवढेच. म्हणजे 'युरोप' असा एक देश नसतो, हे आधी डोक्यात घे. आकडे जुने आहेत, पण माझ्या रात्रपाळ्या त्यांच्याशी जुळतात: आम्ही दोघी आणि चौतीस पेशंट, त्यातले पाच-सहा तरी रात्री उठून घरी निघालेले. श्रीमंत देशात माणसं भरपूर असतील असं मला वाटायचं. मशीन भरपूर होती.

आता अमेरिका. मी तिकडे नोकरी केलेली नाही. पण मिरजेची माझी बॅचमेट आधी टेक्सास आणि आता कॅलिफोर्निया अशी पंधरा वर्षं तिथे आहे, आणि आमचं रविवारचं बोलणं कधी चुकलं नाही. कामाच्या बाबतीत अमेरिका तुझ्या जवळची आहे. स्टेथोस्कोप गळ्यात, डोक्यापासून पायापर्यंत पेशंट स्वतः तपासायचा, काही बिनसलं तर डॉक्टरला फोन करून 'मला हे हे वाटतंय' असं ठणकावून सांगायचं. आणि डॉक्टर ऐकतो. अंघोळ घालायला मदतनीस असतात, अर्थात ते कमी पडले की नर्सच. औषध कुलूपबंद मशीनमधून काढायचं, पेशंटच्या मनगटावरच्या पट्टीचा बारकोड वाचून घ्यायचा, मगच द्यायचं. मग लिहायचं. आणि परत लिहायचं. ती म्हणते, बारा तासांतले चार तास मी कॉम्प्युटरची नर्स असते.

एवढं लिहिण्यामागे भीती आहे. टेनेसी राज्यात औषधाची चूक होऊन पेशंट दगावली, तेव्हा तिथल्या नर्सवर फौजदारी खटला चालला आणि 2022 मध्ये ती दोषी ठरली. तुरुंगवास झाला नाही, तीन वर्षांची प्रोबेशन झाली. पण त्या आठवड्यात माझ्या बॅचमेटच्या वॉर्डात कोणीच नीट जेवलं नाही म्हणे.

राज्याराज्यांतही जमीन-अस्मानाचा फरक. कॅलिफोर्नियात 1999 साली कायदा झाला आणि 2004 पासून लागू आहे: आता साध्या वॉर्डात एका नर्सकडे पाचच पेशंट, आयसीयूत दोन. टेक्सासमध्ये असा आकडा बांधून देणारा कायदा नाही. तिथे माझी बॅचमेट सहा-सात पेशंट सांभाळायची आणि डबा तसाच परत न्यायची. तुझी मावसबहीण डॅलसला आहे, तिला विचार, काल जेवायला किती वाजता बसलीस.

पगाराचं सांगते, म्हणजे सासूबाईंचं समाधान होईल. अमेरिकेत रजिस्टर्ड नर्सचं मधलं वार्षिक वेतन 2024 मध्ये 93,600 डॉलर होतं, म्हणजे निम्म्यांना याहून जास्त, निम्म्यांना कमी. जर्मनीत नव्याने मान्यता मिळालेल्या नर्सला महिना साडेतीन हजार युरोच्या अलीकडे-पलीकडे, आणि त्यातला जवळजवळ एक तृतीयांश कर आणि विम्यापोटी हातात येण्याआधीच जातो. जवळजवळ दुप्पट फरक आहे. सासूबाईंचा गुणाकार बरोबर आहे.

पण गुणाकार धडधाकट बाईचा आहे.

2019 साली पेशंटला उचलताना माझ्या कमरेत गादी सरकली. पलंगावरून उठता येईना. डॉक्टरने आजारपणाच्या पिवळ्या चिठ्ठीवर सही केली आणि सहा आठवडे पूर्ण पगार जमा होत राहिला. ते माझ्या रुग्णालयाचं औदार्य नव्हतं, तो कायदा आहे. त्यापुढेही आजारपण लांबलं असतं तर विमा कंपनीने पगाराच्या सत्तर टक्क्यांपर्यंत दिले असते. माझी वर्षाची तीस दिवसांची रजा तशीच शिल्लक; आजारपण रजेतून कापतच नाहीत. एमआरआयचं बिल मी कधी पाहिलं नाही. नवरा कमवत नसेल तर तो आणि मूल तुझ्याच विम्यात, वेगळा हप्ता न भरता. बाळंतपणाला आधी सहा आणि नंतर आठ आठवडे भरपगारी, आणि मग वाटलं तर तीन वर्षांपर्यंत घरी राहून परत त्याच मालकाकडे कामावर येता येतं.

माझ्या बॅचमेटचं दुसरं बाळंतपण टेक्सासमध्ये झालं. अमेरिकेचा केंद्रीय कायदा बारा आठवडे नोकरी राखून ठेवतो, पगार नाही, आणि तेही तिथे वर्षभर काम झालेलं असेल तरच. काही राज्यं स्वतःहून पैसे देतात, कॅलिफोर्निया त्यातलं एक, टेक्सास नाही. आजारपण आणि सुट्टी मिळून दिवसांची एकच थैली असते, त्यातले दिवस तिने पहिल्या तिमाहीतल्या उलट्यांतच संपवले होते. नवव्या आठवड्यात ती कामावर हजर झाली. बारा तासांच्या पाळीत दोनदा स्टोअररूममध्ये पंप लावून दूध काढायची. आणि ती स्वतः ज्या रुग्णालयात नर्स, तिथल्याच बाळंतपणाचं विम्याबाहेर उरलेलं बिल हप्त्याने फेडत होती. हे ती हसत हसत सांगते. घर मात्र तिने स्वतःचं घेतलंय, अंगणात लिंबाचं झाड आहे. माझं मिरजेतलं घर अजून वडिलांच्याच नावावर आहे. दोन्ही खरं.

आता रांग, जी तुझ्या मावसबहिणीने तुला सांगितलेली दिसत नाही. एनक्लेक्स तू पास होशील, सहा वर्षं आयसीयू केलेल्या मुलीला ती जड नाही. पण नर्सला अमेरिकेत जायला साधारणपणे थेट ग्रीन कार्डच लागतं. आयटीवाल्यांचा एच-वन-बी व्हिसा नर्सच्या साध्या पदाला बहुधा लागू होत नाही. आणि त्या ग्रीन कार्डाची रांग जन्मदेशावर ठरते. भारतात जन्मलेल्यांसाठी 2025 मध्ये 2013 साली अर्ज केलेल्यांचा नंबर चालू होता. तू आज अर्ज केलास तर त्या सगळ्यांच्या मागे उभी राहशील. तुझा मुलगा तेव्हा दहावी झालेला असेल. जर्मनीतून किंवा दुबईतून अर्ज केलास तरी रांग तीच, कारण जन्म सोलापूरचाच राहतो. मावसबहिणीला विचार, तिचा अर्ज कोणत्या सालचा.

मग तुमची बॅचमेट कशी गेली, असं विचारशील. तिच्या नवऱ्याचा जन्म मस्कतचा, सासरे तिथे नोकरीला होते. नवरा-बायको एकत्र जात असतील तर जोडीदाराच्या जन्मदेशाची रांग धरता येते, आणि ओमानची रांग आपल्यासारखी लांब नव्हती. तेव्हा आज घरी गेल्यावर नवऱ्याचा जन्मदाखला काढून बघ. त्याच्यावर सोलापूर, बार्शी, पंढरपूर असं काही असेल तर अमेरिका तुझ्या पुढच्या दहा वर्षांत नाही, असं धरून चाल. बाहेरच्या देशातला जन्म निघाला तर मला परत लिही, मग माझं उत्तर बदलेल. कारण तिकडे एक गोष्ट निश्चित चांगली आहे: नवरा आणि मूल पहिल्या दिवसापासून बरोबर येतात.

जर्मनीत तसं होत नाही. पहिलं वर्ष-दीड वर्ष एकटीने काढायची तयारी ठेव. जाताना तू नर्स नसतेस. आपली पदवी तपासून ते उणिवांचं पत्र देतात, मग परीक्षा द्यायची नाहीतर काही महिने वॉर्डात पूरक शिक्षण घ्यायचं. ते होईपर्यंत मदतनीस म्हणून कमी पगार. मला अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत वीस-बावीस वर्षांची पोरं मला पंचे घडी करायला शिकवत होती. त्यात मी शिकलेली जर्मन भाषा पुस्तकातली आणि आमच्याकडचे म्हातारे बोलायचे श्वाबियन बोली. आपल्या मालवणीत किंवा अहिराणीत कोणी पोटदुखी सांगितली तर पुण्यात शिकलेल्या डॉक्टरचं जे होईल, ते माझं रोज व्हायचं. फोन वाजला की मी बाथरूममध्ये जाऊन लपायचे.

इंग्लंडचं एका परिच्छेदात उरकते. इंग्रजी येतं म्हणून सगळ्यांचा ओढा तिकडे. काम जर्मनी आणि अमेरिकेच्या मधलं, आजारपणात आधारही आहे, पण नव्या नर्सचा पगार 2025-26 मध्ये वर्षाला 31,049 पाउंड, त्यात लंडनचं भाडं भर. डिसेंबर 2022 मध्ये तिथल्या नर्सिंग कॉलेजने, म्हणजे नर्सेसच्या मोठ्या संघटनेने, आपल्या एकशेसहा वर्षांच्या इतिहासातला पहिला देशव्यापी संप केला, यावरून काय ते समज. आता बाहेरून भरतीही पूर्वीसारखी नाही.

एजंटाला चार लाख देऊ नकोस. ओरिजिनल सर्टिफिकेट तर कोणालाच देऊ नकोस, साक्षांकित प्रती दे. जर्मनीत परदेशी नर्सच्या भरतीसाठी सरकारमान्य 'न्याय्य भरती'चा शिक्का आहे. तो असलेली संस्था नर्सकडून पैसे घेत नाही, खर्च रुग्णालय करतं. शिवाय जर्मन सरकारची स्वतःची ट्रिपल विन नावाची योजना आहे, केरळातल्या मुली तिच्यातून जातात. महाराष्ट्र सरकारनेही 2024 मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सिंगही आहे. तुझा एजंट त्या कराराचं कात्रण भिंतीवर लावून बसला असेल. त्याला विचार, करार सरकारचा आहे तर चार लाख कोणाचे? करारपत्रात 'अमुक वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास इतकी रक्कम परत' असं कलम बऱ्याचदा असतं, ते सहीच्या आधी वाच. अमेरिकेतही हेच चालतं. न्यूयॉर्कमध्ये फिलिपिनो नर्सेसवर पंचवीस हजार डॉलरच्या दंडाचं कलम लादलं होतं, त्या कोर्टात गेल्या आणि 2019 मध्ये जिंकल्या. पण कोर्टात जाण्याइतका जीव सगळ्यांत नसतो.

तेव्हा माझं म्हणणं स्पष्ट आहे. नवऱ्याचा जन्म इथलाच असेल तर जर्मनी, आणि ती एजंटाकडून नाही, भाषेकडून सुरू कर. पुण्या-मुंबईत मॅक्सम्युलर भवन आहे, ऑनलाइन वर्गही आहेत. बी-टू, म्हणजे सहापैकी चौथ्या पातळीपर्यंत नोकरी सांभाळून सव्वा ते दीड वर्ष लागेल. नऊ महिन्यांत म्हणणाऱ्याने कधी जर्मन विभक्ती पाहिलेल्या नाहीत. नवऱ्यालाही पहिली पातळी शिकायला बसव, मागाहून येताना त्याला बहुधा लागेलच आणि तोवर घरात कोणीतरी चुकीचं जर्मन बोलायला मिळेल. कॉलेजची ट्रान्सस्क्रिप्ट आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची कागदपत्रं आत्ताच मागायला लाग. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल तर ते आधी निस्तर, माझे तीन महिने त्यात गेले.

पण भाषेची फी भरायच्या आधी एक कर. पुढच्या आठवड्यात इन्चार्ज सिस्टरला सांगून एक स्थिर पेशंट निवड, शक्यतो वयस्कर, आणि त्याला डोक्यापासून पायापर्यंत स्वतः बेडबाथ दे. मावशीला फक्त कूस वळवायला बोलाव, बाकी हात लावू देऊ नकोस. जे पेशंटला स्वतः करता येईल ते त्याला करू दे, कितीही वेळ लागो. कातडी बघ, टाचा बघ, माकडहाड बघ. त्यात काय सापडलं आणि तुला कसं वाटलं, ते मला लिही. किळस आली, अपमान वाटला, तर तसंच लिही. मग जर्मनीचा विचार सोडून आपण दुसरं बघू. पाणी मात्र ग्लव्ह घालायच्या आधी कोपराने बघून घे, आयसीयूच्या एसीत ते फार लवकर निवतं.